गुप्त गिऱ्हाईक

“गुप्तहेराची नोकरी धरली तर फॅमिली पेन्शन बंद होते का गं?”

नलूकाकूंनी हा प्रश्न दारातूनच विचारला. काखेत प्लॅस्टिकची फाइल, हातात फोन. सोमवारची संध्याकाळ होती. मी बारावी कॉमर्सचे पेपर तपासत बसले होते. ‘ग्राहकाचे हक्क लिहा’ या प्रश्नाखाली एका मुलानं ‘ग्राहकाला रागावण्याचा हक्क आहे’ एवढंच लिहिलं होतं, आणि त्याला अर्धा गुण द्यावा की एक, यावर माझं अडलं होतं.

“कोणाची हेरगिरी करायचीय, काकू?”

“दुकानांची.”

त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. मेसेज होता. अभिनंदन, आपली ‘मिस्टरी शॉपर’ म्हणून प्राथमिक निवड झाली आहे. साधं गिऱ्हाईक म्हणून दुकानात जायचं, खरेदी करायची, विक्रेते कसे वागले ते लिहून पाठवायचं. वस्तू आपली, वर मानधन. खाली कंपनीचं नाव होतं. त्यात ‘ग्लोबल’ होतं, ‘सोल्युशन्स’ होतं, आणि मध्ये एक शब्द होता तो आता आठवत नाही. अशा नावांतला मधला शब्द कुणालाच आठवत नाही.

“असं काही खरंच असतं का गं?”

इथं मी ‘माहीत नाही’ म्हणाले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी एम.ए. अर्थशास्त्र. तासिका तत्त्वावर का होईना, ज्युनियर कॉलेजात शिकवत होते. ‘माहीत नाही’ हे उत्तर आमच्या पेशात विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेलं असतं.

“असतं तर! मोठ्या कंपन्या करतात हे. आपल्या दुकानात गिऱ्हाइकाला कसं वागवतात ते त्यांना कळायला नको?”

हे खोटं नव्हतं. असं काम असतं. पण असं काम असतं म्हणून हे काम तेच आहे असं होत नाही. एवढी एकच पायरी मी गाळली.

नलूकाकू तारळेकर आमच्या साताऱ्याच्या कॉलनीत दोन घरं सोडून राहायच्या. वय एकसष्ट, शिक्षण जुनी सातवी. कॉलनीत त्यांची ख्याती एकच: लग्नं जुळवणं. एकतीस लग्नं जुळवली, एकाही घराकडून साडीखेरीज काही घेतलं नाही. त्यातलं एकच मोडलं, आणि तेही त्यांनी नको म्हटलं होतं ते. त्यांचे यजमान अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते वर्षभरापूर्वी गेले. तोवर काकूंनी बँकेची पायरी चढलेली नव्हती. पैसे अण्णा आणायचे आणि डब्यात ठेवायचे. बँक म्हणजे तो डबा.

अण्णांच्या मागं सगळ्यांना वाटलं, आता उन्मेष बघेल. उन्मेष म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्यात कॉम्प्युटरवाल्या कंपनीत. त्यालाही तसंच वाटलं होतं. पण काकू स्वतः बँकेत गेल्या, फॉर्म भरले, पासबुक घेतलं, एटीएम कार्ड घेतलं, स्वतःच्या नावाचा फोन घेतला. उन्मेष म्हणाला, “आई, कार्ड माझ्याकडं दे. मी दर महिन्याला पाठवत जाईन. तुला लागतंच काय?” त्यावर काकूंनी त्याच्याशी करार केला होता. “सहा महिने बघ. एक जरी घोळ झाला तर कार्ड तुझं.”

त्यातले चार महिने झाले होते. कॉलनीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाजीवालासुद्धा काकूंना विचारायचा, “किती राहिले?”

तर मी कॉम्प्युटर लावला आणि फॉर्म भरायला घेतला. नाव. जन्मतारीख. आईचं माहेरचं नाव. आधार क्रमांक. पॅन. मी विचारत होते, काकू फाइलीतून एकेक कागद काढून देत होत्या, मी स्कॅन करून चढवत होते. पासबुकाचं पहिलं पान चढलं. मी बटण दाबलं. “कागदपत्रे प्राप्त झाली, धन्यवाद.” मग दुसरं पान उघडलं. नोंदणीची अनामत रक्कम, परत मिळणारी, उद्या संध्याकाळी पाचपर्यंत. आणि एटीएम कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो.

“काकू, कार्ड द्या.”

त्यांनी दिलं. मी पुढच्या बाजूचा फोटो काढला. कार्ड उलटं करायला घेतलं, तर त्यांनी त्यावर हात ठेवला.

“मागची बाजू कशाला?”

“फॉर्मॅलिटी असते.”

“पहिल्याच भेटीत पाठ दाखवा म्हणतात?”

“काकू, हे स्थळ नाही. नोकरी आहे.”

“दोन्हीकडं आपण जायचं आणि त्यांच्या मर्जीनं राहायचं. फरक काय?” त्यांनी कार्ड पर्समध्ये टाकलं. “आणि काम दाखवायच्या आधी पैसे? मुलगी पसंत आहे की नाही ते सांगत नाहीत आणि मानपानाचं ठरवायला बसलेत. वर पाचपर्यंतच. मुलाकडचे घाई करायला लागले की मी पहिल्यांदा मुलगा आजारी आहे का ते बघते.”

“मी सांगते ना, कंपन्या असं...”

“तू सांगतेस ते बरोबर असेल. मी चौकशी करते.”

फाइल गोळा करून त्या गेल्या. मला थोडा रागच आला. ‘ग्राहक संरक्षण’ हा धडा मी अकरा वर्षं शिकवत होते. रागावण्याचा हक्क आहे म्हणणाऱ्या मुलाला मी एक पूर्ण गुण दिला. कार्डाच्या पुढच्या बाजूचा काढलेला फोटो मात्र पुसून टाकला. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजवरून आले तर नवरा जेवत होता. विलास विम्याच्या कामात, त्यामुळं कुठलीही गोष्ट ऐकताना तो आधी तिच्यातला अपघात शोधतो. मी त्याला गंमत म्हणून सांगितलं. तो घास हातात धरून थांबला.

“आधार, पॅन, पासबुक. सगळं पाठवलंस?”

“सगळं म्हणजे... हो.”

“तू एम.ए. आहेस ना?”

या प्रश्नाला आमच्या घरात उत्तर अपेक्षित नसतं. मी काकूंकडं गेले. कुलूप. फोन केला, उचलला नाही. शेजारच्या म्हणाल्या, सकाळी दहालाच फाइल घेऊन बाहेर पडल्यात. घरी येऊन मी इंटरनेटवर शोधलं. अशा फसवणुकीच्या इतक्या बातम्या निघाल्या की मी तिसरीनंतर वाचणं बंद केलं. पुन्हा फोन. पुन्हा नाही. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र, काकू कुठल्यातरी झेरॉक्सच्या दुकानात बसून कुणाकडून तरी कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो काढून घेतायत.

मग मी उन्मेषला फोन लावला.

ते बोलणं मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हणाले, “उन्मेष, घाबरू नकोस, पण काकूंनी एका कंपनीला आधार, पॅन आणि पासबुक पाठवलंय.”

काकूंनी. मी म्हणाले ‘काकूंनी’.

तिकडं त्यानं दीर्घ श्वास घेतला. त्या श्वासात काळजी होती आणि ‘मी म्हणत नव्हतो का’ हेही होतं. “थँक्यू वृंदाताई. तुम्ही आहात म्हणून बरं. उद्या सकाळी येतो मी. कार्ड घेऊनच जातो.”

साडेचारला काकू आल्या. पदरानं घाम टिपत खुर्चीत बसल्या, पाणी मागितलं, दोन भांडी प्यायल्या.

“फोन का नाही उचललात?”

“बँकेत लिहिलेलं असतं, मोबाइल बंद ठेवा. मग चालू करायचा राहिला. आता केला.”

“बँकेत?”

“आधी बँकेत गेले. तिथल्या बाई चांगल्या आहेत, मुलगी बघतायत भावासाठी. त्यांना म्हटलं, माझे कागद एका अनोळखी माणसाकडं गेलेत, आता काय होईल? त्या म्हणाल्या, नुसत्या खाते क्रमांकावर पैसे काढता येत नाहीत. पण कार्डाच्या मागचा आकडा आणि फोनवर येणारा ओटीपी दिलात की खातं त्यांचं. तरी अर्ज द्या. दिला. कार्डावर दिवसाला किती निघतील ते कमी करून घेतलं. पिन बदलला. मग पोलीस स्टेशन. तिथंही अर्ज दिला, कागदांचा कुणी वापर केला तर माझा संबंध नाही म्हणून.” फाइलीतून त्यांनी दोन कागद काढून टेबलावर ठेवले. दोन्हींवर गोल शिक्के. “पोच घेतलीय.”

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. सगळं आवरलं होतं, आणि मी तीन तासांपूर्वी पुण्याला फोन केला होता. हे तेव्हाच सांगायचं होतं. मी चहा टाकला.

“आणि चौकशी?” मी स्वयंपाकघरातूनच विचारलं.

“घरापासून सुरुवात केली. पत्ता पुण्याचा होता, तिसरा मजला. आपली प्राजक्ता तिथून दहा मिनिटांवर राहते, कोरेगावच्या निकमांना दिली ती. तिला म्हटलं, जाऊन बघ. गेली बिचारी, पोराला शाळेतून घेऊन जाता जाता. बिल्डिंगला दोनच मजले आहेत. खाली दातांचा दवाखाना आणि वर घरमालक.”

“अगं बाई.”

“मग मेसेजात ज्या शोरूमचं काम देणार म्हणतात, त्या इथल्याच शोरूममध्ये गेले. मॅनेजर पोरगाच आहे. त्याला सरळ विचारलं, तुझ्याकडं गुप्त गिऱ्हाईक येतात का? तो हसायला लागला. म्हणाला, येतात की, पण कधी येऊन गेले ते आम्हाला रिपोर्ट आल्यावर कळतं. हेड ऑफिस एका एजन्सीला काम देतं. ही तुमची कंपनी त्यातली नाही. आणि खरी एजन्सी आधी एक रुपया घेत नाही. तुम्ही त्यांच्याकडं नाव नोंदवायचं असतं, ते असे रस्त्यात गाठत नाहीत. मिळतात ते थोडेच, काम झाल्यावर.” काकूंनी चहाचा घोट घेतला. “म्हणजे तू म्हणालीस ते बरोबर होतं. काम असतं. हे ते नव्हतं.”

माझ्या चुकीचं इतकं सभ्य वर्णन आजवर कुणी केलेलं नाही.

“आता राहिली शेवटची भेट,” त्या म्हणाल्या. “फोन लाव. मोठ्या आवाजावर ठेव.”

“कशाला काकू? कळलं ना?”

“समोरच्याशी एकदा बोलल्याशिवाय मी कुठलंही स्थळ मोडलेलं नाही.”

मी लावला. एका तरुणानं उचलला. सिनियर कोऑर्डिनेटर म्हणून ओळख करून दिली. आवाज इतका गोड की उपाशी पोटी ऐकू नये.

“हां मॅडम, तुमचा फॉर्म पेंडिंग दिसतोय. कार्डचा फोटो आणि अनामत...”

“ते होईल हो. आधी तुमचं सांगा. ऑफिस कुठं म्हणालात?”

“पुण्यात, मॅडम. थर्ड फ्लोअर.”

“बिल्डिंगला दोनच मजले आहेत.”

“आम्ही शिफ्ट झालोय.”

“कुठं?”

“सिक्युरिटीमुळं सांगता येत नाही.”

“बरं. तुमच्याकडं काम करणाऱ्या एखाद्या बाईचा नंबर द्या. मी बोलून घेते.”

“मॅडम, हे सीक्रेट काम असतं. नंबर कसे देणार?”

“ते खरंय. पण शोरूमचा मॅनेजर तुम्हाला ओळखत नाही.”

“तुम्ही तिथं जाऊन विचारलंत?” गोडी एकदम गेली. “मॅडम, तुम्ही गोपनीयतेचा भंग केलाय. लीगल ॲक्शन होऊ शकते. आत्ताच्या आत्ता फोटो पाठवा. एक ओटीपी येईल, तो मला सांगायचा. पाच वाजता तुमची सीट रद्द होईल, आणि केस होईल ती वेगळीच.”

खोटं आहे हे कळूनही ‘केस’ शब्द ऐकला की आमच्या घराण्यात हात गार पडतात. काकू मात्र खुर्चीत सावरून बसल्या.

“ओरडू नको बाळा. ओटीपी सांगते की. आधी तुझ्या आईचं माहेरचं नाव सांग.”

“काय?”

“फॉर्ममध्ये तू माझ्या आईचं विचारलंस, मी सांगितलं. आता तू सांग. म्हणजे ओळख तरी निघेल. नाव सांग, गाव सांग. सातारा, सांगली, सोलापूर, मी कुठलंही घर काढते दोन दिवसांत.”

फोन बंद झाला.

“मोडलं,” काकू म्हणाल्या, आणि उरलेला चहा प्यायल्या. “आवाज कोवळा होता गं. पंचवीसचा पण नसेल.”

त्या दारापर्यंत गेल्या तेव्हाही मी सांगू शकले असते. मी म्हणाले, “उद्या पेपर द्यायचेत, नाहीतर आले असते सोडायला.” दोन घरं सोडून जायचं होतं.

बुधवारी सकाळी नऊला उन्मेषची गाडी कॉलनीत शिरली. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. घरात बसून राहायचं आणि दोन दिवसांनी ‘काय झालं’ म्हणून विचारायचं, हा एक मार्ग होता. मी तो बराच वेळ तपासून पाहिला. शेवटी ओल्या हातांनीच खाली गेले.

काकूंच्या घराचं दार उघडं होतं. उन्मेष सोफ्याच्या टोकावर बसला होता, बूटसुद्धा काढले नव्हते. काकू उभ्या होत्या.

“सहा महिने म्हणाली होतीस,” तो म्हणत होता. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. “मी काही बोललो का? चार महिने एक शब्द बोललो नाही. पण तू चक्क आधार, पॅन, पासबुक... आई, ही माणसं रोज शंभर जणांना फसवतात. तुझं काय चुकलं असं नाही म्हणत मी. तुझं वय झालं, तुला हे कसं कळणार?”

काकू काही बोलल्या नाहीत. फॉर्म कुणी भरला, बटण कुणी दाबलं, कार्ड कुणी मागितलं, कुणी दिलं नाही, यातलं काहीच नाही. मला दारात बघून त्यांनी नुसतं “ये” म्हटलं, आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात कार्ड होतं. त्यांनी ते टीपॉयवर ठेवलं.

“ठरलं होतं तसं,” त्या म्हणाल्या. “घोळ झाला. घे.”

एकतीस लग्नांत त्यांनी कुणाचा दिलेला शब्द मोडू दिला नव्हता. स्वतःचा कसा मोडतील?

“फॉर्म मी भरला,” मी म्हणाले.

उन्मेषनं वर पाहिलं.

“काकू विचारायला आल्या होत्या, खरं असतं का म्हणून. मी असतं म्हणाले. कागद मी स्कॅन केले, मीच पाठवले. कार्डाचाही फोटो मी काढत होते. त्यांनी कार्डावर हात ठेवला म्हणून थांबले.”

“पण काल फोनवर तुम्ही...”

“काल फोनवर मी ‘काकूंनी’ म्हणाले. ‘मी’ म्हणायचं राहिलं.” मग वाटलं, आता निम्मं कशाला ठेवायचं. “राहिलं नाही. म्हणाले नाही.”

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. “तू केलास होय फोन. मला वाटलं, बँकेनं कळवलं.”

एवढंच. मला वाटलं होतं त्या चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, त्यांचा हक्कच होता. त्यांनी फाइल आणून त्या दोन पोच उन्मेषच्या हातात दिल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

तो वाचत होता. मी त्याला बाकीचं सांगत होते. बँक, पोलीस, शोरूम, दातांचा दवाखाना. ओटीपी आणि आईच्या माहेराशी आल्यावर त्यानं तोंडावर हात ठेवला.

“आई,” तो आत ओरडून म्हणाला, “प्राजक्ताला पाठवलंस मजले मोजायला? मी पुण्यातच असतो ना!”

“तुला सांगितलं असतं तर तू मजले मोजले नसतेस,” आतून आवाज आला. “तू कार्ड मागितलं असतंस.”

त्यानं टीपॉयवरचं कार्ड उचललं आणि बोटांत धरून सहज उलटं केलं. काकू कप घेऊन येतच होत्या.

“मागची बाजू कशाला बघतोस?”

तो हसला. आधी नाकातून, मग नीट. अण्णा गेल्यावर त्या घरात मी ऐकलेलं ते पहिलं हसणं. त्यानं कार्ड परत टीपॉयवर ठेवलं आणि बोटानं आईच्या बाजूला सरकवलं.

“राहू दे तुझ्याकडं.”

“आणखी दोन महिने?”

“राहू दे म्हटलं ना.” मग तो वाकून बुटांचे बंद सोडायला लागला. “नाष्ट्याला काय आहे?”

खऱ्या एजन्सीचं नाव काकूंनी त्या मॅनेजरमार्फत, त्याच्या हेड ऑफिसकडून, लेखी मिळवलं. त्याचा फॉर्म उन्मेषनं भरला, पुढच्या रविवारी, काकू शेजारी बसून. तो रकाना वाचायचा, काकू विचारायच्या, “हे कशाला पाहिजे त्यांना?” उत्तर मिळालं तर भरायचा, नाही तर आधी एजन्सीला मेल करून विचारायचा. एका साध्या फॉर्मला दोघांना तीन तास लागले. खाते क्रमांक मागितला होता, पण काम झाल्यावर, पैसे पाठवायच्या वेळी. ओटीपी नाही, कार्ड नाही, अनामत नाही. आधारच्या प्रतीवर काकूंनी पेनानं आडवं लिहिलं: ‘फक्त नोंदणीसाठी’, खाली तारीख आणि सही. बँकेतल्या बाईंनी शिकवलं होतं.

पहिलं काम चपलांच्या दुकानातलं निघालं, साताऱ्यातलंच. गुप्त राहायचं, ओळख द्यायची नाही, विक्रेता स्वतःहून मदत करतो का ते बघायचं. काकू आत शिरल्या आणि काउंटरमागून आवाज आला, “या या काकू! अहो, खुर्ची द्या काकूंना. यांनीच आमचं जमवलं!” विक्रेत्यानं स्वतःहून मदत केली, चहा मागवला आणि बायकोला फोन लावून दिला. काकूंनी घरी येऊन अहवालात लिहिलं, ‘ओळख निघाली. सबब हा अहवाल ग्राह्य धरू नये व मानधन पाठवू नये.’ मी म्हटलं, “पहिलंच काम काकू, असं लिहिलंत तर दुसरं देतील का?”

“नाही दिलं तर नाही दिलं. खोटी पत्रिका मी कधी पाठवलेली नाही.”

आठवड्यानं एजन्सीतून एका बाईंचा फोन आला. त्यांनी आभार मानले आणि विचारलं, तुम्हाला कुणी ओळखत नाही असं जवळचं गाव कुठलं? काकूंनी पुष्कळ विचार केला. कराड नाही, तिथं चार सुना दिल्यात. कोरेगाव नाही. वाई तर नाहीच. शेवटी इचलकरंजी निघालं.

त्या दिवशी सकाळी त्या माझ्याकडं आल्या. नवीन पर्स, घडीची छत्री, पाण्याची बाटली. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लांब एकट्या निघाल्या होत्या.

“करारात लिहिलंय, कुठल्या दुकानात चाललोय ते कुणाला सांगायचं नाही,” त्या म्हणाल्या. “पण गाव तरी एकाला माहीत पाहिजे. म्हणून तुला सांगते.”

मी ‘मलाच का’ असं विचारलं नाही. माझी चौकशी बहुधा झालेली होती, आणि निकाल काय लागला ते विचारून बिघडवायचं नव्हतं.

अकरा वाजता फोन वाजला. उन्मेष होता.

“वृंदाताई, आई फोन उचलत नाहीये. घराच्या नंबरवर पण नाही. कुठं गेलीय काही माहीत आहे का?”

मला माहीत होतं. स्टँडवर मीच सोडून आले होते. पावणेनऊची एसटी, डावीकडची खिडकी, शेजारी एक बाई बाळ घेऊन बसलेली. एव्हाना त्या बाईच्या धाकट्या दिराचं वय काकूंना कळलेलं असणार.

“सांगता येणार नाही,” मी म्हणाले.

“बरी आहे ना पण?”

“उत्तम आहेत. संध्याकाळपर्यंत येतील.”

“तिनं सांगितलंय का, मला सांगू नका म्हणून?”

“नाही रे,” मी म्हणाले. “त्या तसं काही बोलल्या नाहीत. मीच सांगत नाहीये.”